पाळणाघर: प्रश्न कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळणाघर हा विषय आपल्या शिबिरांत बहुधा दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात येतो. सकाळची सत्रं हिंसा, कायदा, मालमत्तेचा हक्क यांच्यासाठी राखलेली असतात. त्या विषयांचं महत्त्व मी तुम्हाला सांगायला नको. पण जेवणानंतरचा हा विषय सकाळच्या विषयांपासून वेगळा काढता येत नाही, एवढंच मला आज मांडायचं आहे. त्यासाठी माझ्याच घरातला एक आठवडा तुमच्यापुढे ठेवते. २६ मे ते १ जून २०२५.

मी मारुंजीला राहते. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून आहे. एकीकडे थोडी शेतं अजून शिल्लक आहेत, दुसरीकडे टॉवर उभे राहताहेत, आणि मधे पत्र्याच्या खोल्या. टॉवर बांधणारे, टॉवरमधली धुणीभांडी करणाऱ्या आणि गेटवर पहारा देणारे, सगळे या खोल्यांत राहतात. घरात आम्ही तिघं. नवरा आयटी कंपनीत, मी एका कुटुंब समुपदेशन केंद्रात, आणि साडेतीन वर्षांची मुलगी. सासूसासरे साताऱ्याकडे गावी असतात. माझं माहेर त्याहून लांब.

आमचं घर दोन बायकांवर चालतं. एक आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर पाळणाघर चालवते. दुसरी सकाळी केर-फरशी, धुणं-भांडी करायला येते. तिला मी ताई म्हणते, तीही मला ताईच म्हणते. जालन्याकडची आहे, नवरा गवंडीकाम करतो. या दोघी असतात तोवर आम्ही दोघं नवराबायको 'समानतेनं' संसार करतो, असं आम्हालाही वाटतं आणि पाहुण्यांनाही वाटतं.

त्या वर्षी उन्हाळा संपायच्या आतच पावसाळा आला. २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबई-पुण्यात मॉन्सून पोचल्याचं जाहीर झालं. त्या सोमवारी तळमजल्यावर पाणी शिरलं, मुलांच्या गाद्या भिजल्या, वायरिंगमध्ये पाणी गेलं. पाळणाघरवाल्या बाईंनी आठवडाभर बंद ठेवत असल्याचा फोन केला. "या आठवड्याचे पैसे धरू नका," असंही त्याच म्हणाल्या. म्हणजे नुकसानही त्यांचं आणि कमाईही बुडाली. मंगळवारी मुलीला १०२ ताप. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, तीन-चार दिवस घरीच ठेवा.

घरी कोण राहणार? माझ्याकडे तारखा दिलेली जोडपी येणार होती. नवऱ्याचं महिनाअखेरचं काम होतं. त्यानं घरून काम करायची परवानगी काढली आणि प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो. तापलेलं मूल मांडीवर घेऊन लॅपटॉपवर मीटिंग करून बघावी म्हणजे कळतं. दुपारी त्याच्या साहेबांनी विचारलं, "घरात दुसरं कुणी नाही का?" 'दुसरं कुणी' म्हणजे कोण, हे या सभेत मी समजावून सांगायची गरज नाही.

आपण शिबिरात २४ तासांचं घड्याळ काढतो ना, तसा एक कागद मी त्या आठवड्यात फ्रिजवर लावला. त्यानं केलेलं काम निळ्या पेन्सिलीनं, मी केलेलं लाल. त्या आठवड्यात निळा रंग खूप वाढला, हे मुद्दाम सांगते. भात-वरण, औषधाचे डोस, ताप उतरवायला ओल्या फडक्याच्या घड्या, रात्रीचं जागरण, सगळं त्यानं केलं. पण कागदावर एक रकाना 'लक्षात ठेवणं' असा होता. कुठलं औषध किती वाजता, पिण्याचं पाणी किती उरलंय, गॅस कधी लावला, सासूबाईंना काय कळवायचं आणि काय नाही. हा रकाना शेवटपर्यंत लालच राहिला. नवऱ्यानं शुक्रवारी कागद बघितला आणि म्हणाला, "हे काम आहे हेच मला माहीत नव्हतं." मला ते वाक्य प्रामाणिक वाटलं. कामच दिसलं नाही तर वाटून कसं घेणार?

आता बुधवारकडे येते, कारण माझ्या दृष्टीनं आठवड्यातला तो मुख्य दिवस.

बुधवारी कामावरच्या ताई दोन मुलांना घेऊन आल्या. दहा वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ. एरवी बाळाला आजी सांभाळते. आजी लग्नाला म्हणून गावी गेलेली. शाळेला सुट्टी, म्हणून बाळ मुलीच्या ताब्यात. त्यात खोलीचा पत्रा गळायला लागला, म्हणून दोघांना बरोबर आणलेलं. चारपैकी एका घरानं "पोरं आणू नका" असं सांगितलं होतं. दुसऱ्या घरानं सोमवारचा खाडा पगारातून कापायचं ठरवलं होतं.

मुलगी पाचवीत जाणार होती. मी तिला शाळेचं विचारलं, तर उत्तर आईनंच दिलं. "म्हातारी नाही आली तर पोरीलाच ठेवीन घरी महिनाभर. काय होतंय ताई एका महिन्यानं?"

काय होतं ते आपल्याला माहीत आहे. महिन्याचे दोन होतात. मग मुलगी मागे पडते, मग तिचं अभ्यासात लक्षच नाही असं शिक्षक सांगतात, मग शाळा सुटते. आणि पुढे पंधरा-सोळाव्या वर्षी तिचं लग्न ठरतं तेव्हा आपण कार्यकर्त्या धावत जातो.

माझी नोकरी त्या ताईंच्या हातांवर चालते आणि त्यांची चार घरं त्या मुलीच्या कडेवर. साहेबांपासून सुरू झालेली ही साखळी प्रत्येक कडीला एकेका बाईकडे सरकत जाते आणि शेवटी दहा वर्षांच्या पोरीपाशी येऊन थांबते. तिच्या खाली ढकलायला कुणी नाही.

रविवारी सासूबाई एस.टी.नं आल्या. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीही. पण त्यांचे गुडघे दुखतात, पेरणीची तयारी अर्धी टाकून आल्या होत्या, आणि गावाकडे म्हशीचं दूध शेजारची जाऊबाई काढत होती. साखळी त्या बाजूलाही लांबत गेली. पुरुष बदलला नाही, सरकार आलं नाही, मालक आला नाही. फक्त आणखी एक बाई आली.

गुरुवारी मी केंद्रात गेले होते. तुम्हाला आठवत असेल, १६ मे २०२५ ला आमच्याच मुळशी तालुक्यात, भुकूमला, एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. हुंड्यासाठी छळ झाल्याचा आरोप झाला, सासरच्या माणसांना अटक झाली. त्या दिवसांत केंद्रात येणारी प्रत्येक बाई आधी तेच बोलायची. आणि हमखास एक प्रश्न यायचा: "अशा मुली निघून का येत नाहीत?"

त्या घरात नेमकं काय झालं हे न्यायालय ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांबद्दल बोलू शकते. निघून का येत नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. जाऊ कुठे, खाऊ काय, आणि कामाला गेले तर मूल कुणाकडे ठेवू? यातल्या कित्येकजणी आधी नोकरी करत होत्या. बाळंतपणानंतर सोडली. नवऱ्यानं सोडायला लावली असं थोड्याजणी सांगतात. बहुतेक सांगतात, "सांभाळायला कुणी नव्हतं." घराच्या बाहेर पडायचा दरवाजा असा गुपचूप बंद होतो, कुणी कडी घातली हे दिसतसुद्धा नाही. म्हणून म्हणते, पाळणाघर हा सकाळच्या सत्राचा विषय आहे.

आता थोडं घराबाहेर बघू. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि पुरुषांची ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत पुरुषांचा वाटा वाढलेला नाही, थोडा कमीच झाला आहे. शिवाय ही सरासरी घरकाम करणाऱ्यांची आहे. घरात काडीही न हलवणारे पुरुष तिच्यात धरलेलेच नाहीत.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्यात, पुढच्या दुरुस्तीनंतर, ३० पेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं होतं. बायकाच मोजायच्या, त्यामुळे मालकाला सोपा मार्ग मिळाला: बायकांची संख्या तिसाच्या आत ठेवा. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं हे बदललं. ५० किंवा अधिक कर्मचारी, मग ते बाप असोत की आया, असतील तर पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्री-मजुरांची अट होती.

या सगळ्यात आमच्या ताई कुठे बसतात? त्यांचे चार मालक, प्रत्येकाकडे कामगार एक. कुठलाही आकडा त्यांना लागू होत नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो अशा लढ्यांमुळेच. पण कामाच्या वेळात तिचं मूल कुठे असावं, याचं उत्तर तिला अजून मिळालेलं नाही. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसवते. तीन वर्षांखालच्या बाळाला शिधा मिळतो, जागा मिळत नाही. २०२२ पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. पण योजना कागदावर असणं वेगळं आणि आपल्या गल्लीत असणं वेगळं.

ही कल्पना परदेशातून आणावी लागणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं, तेव्हा त्यांना हीच मुलगी भेटली होती, भावंड कडेवर घेऊन शाळेच्या बाहेर उभी राहिलेली. त्यांनी तिला उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या आणि त्याला विकासवाडी म्हटलं. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात.

आम्ही काय केलं तेही सांगते. शनिवारी ३१ मे, अहिल्यादेवींची त्रिशताब्दी. सोसायटीच्या सभागृहात प्रतिमेला हार घातला, भाषणं झाली. कार्यक्रम संपल्यावर आम्ही नऊजणींनी समितीला विचारलं की हे सभागृह एरवी कुलूपबंद असतं, ते दिवसा पाळणाघराला द्या, आणि इथे कामाला येणाऱ्या बायकांची मुलंही त्यात असतील. उत्तर आलं की सोसायटीची मुलं चालतील, बाहेरची नकोत. ही अट आम्ही मान्य केली नाही. सभागृह अजून कुलूपबंद आहे. 'पाळणा' योजनेखाली गावात पाळणाघर मिळावं म्हणून पत्र्याच्या खोल्यांमधल्या बायकांच्या सह्या घेऊन अर्ज केला आहे, पाठपुरावा चालू आहे.

१६ जूनला शाळा उघडल्या. आजी वेळेवर परतली म्हणून ती मुलगी पाचवीत जाऊन बसली. म्हणजे तिचं शिक्षण आजीच्या परतीच्या तिकिटावर टांगलेलं होतं.

आपल्या गटांपुढे मी तीन कामं ठेवते. एक, आपापल्या वस्तीत तीन वर्षांखालची मुलं दिवसा कोण सांभाळतं, याची घरोघर नोंद करा. त्यात शाळेच्या वयाच्या मुली किती, हे वेगळं लिहा. दोन, ५० च्या वर कर्मचारी असलेल्या कंपन्यांत पाळणाघर आहे का, हा प्रश्न तिथल्या बापांनी विचारला पाहिजे. आपल्या घरातल्या पुरुषांपासून सुरुवात करा. तीन, घरकामगार बाईचा मुलासाठी झालेला खाडा कापायचा नाही, हा नियम आधी आपल्या घरात लागू करा, मग संघटनेच्या मागणीपत्रात घाला.

आणि पुढच्या शिबिराची सत्रं ठरवताना हा विषय जेवणाआधी घ्या.