दुष्काळाआधी घेतलेली जमीन



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेच जण आता कुठल्यातरी लहानशा मंडळीत सेवेला रुजू होतील आणि 'जागृत राहा' या विषयावर उपदेश करायची वेळ लवकरच येईल. तुम्ही दहा कुमारींचा दाखला काढाल. मध्यरात्र, वराची हाक, विझू लागलेले दिवे, सारे रंगवून सांगाल. माझी तक्रार एवढीच, की आपण हा दाखला नेहमी मध्यरात्रीपासून सुरू करतो. शहाण्या कुमारींनी तेल घेतले ते त्याच्या कितीतरी आधी, कसलीही घाई नव्हती तेव्हा.

पंडिता रमाबाईंनी तसेच केले. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणले. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी मदत कबूल केली होती, पण दहाच वर्षांपुरती. दहावे वर्ष उजाडेपर्यंत वाट बघण्याचा बाईंचा स्वभाव नव्हता. सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी पुण्यापलीकडे, रेल्वेच्या वाटेवर, केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली. तेव्हा त्यात कुणाला मोठे आध्यात्मिक असे काही दिसले नसेल.

मग 1896 चा दुष्काळ आला. रमाबाईंनी आपले आईवडील ऐन तारुण्यात दुष्काळातच गमावले होते. उपासमार त्यांना वर्तमानपत्रातून कळायची नव्हती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. इतक्या मुलींना ठेवायचे कुठे? केडगावची जमीन होती. तिथे निवारे उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या आणि त्या जागेला 'मुक्ती' हे नाव मिळाले. 1900 च्या दुष्काळात गुजरातमधल्या मुलींनाही तिथेच आसरा मिळाला.

आपल्या सभांमधून मुक्तीतल्या 1905 च्या संजीवनाबद्दल, म्हणजे तिथल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल, पुष्कळ बोलले जाते. विहिरींवर उपदेश केलेला मी तरी अजून ऐकलेला नाही. मला त्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. जी बाई पहाटे गुडघे टेकत होती, तीच दिवसा धान्याचा हिशेब बघत होती. त्याच बाईने चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायला घेतले आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून छापून घेतले. 1921 मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, गेली. काम थांबले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झालेले होते.

आता तुमच्याविषयी. रोजची प्रार्थना बहुतेक सकाळी कोरडीच वाटते. वचन वाचताना डोळे पुढे सरकतात आणि मन कालच्या भांडणात अडकलेले असते. म्हणून ती सोडू नका. रात्री दोन वाजता कुणी दार ठोठावेल, 'पाळकसाहेब, बाबा शेवटच्या घटका मोजताहेत, चला.' त्या खाटेशी उभे राहून मोबाईलवर स्तोत्र शोधत बसाल, तर तो मरणारा माणूस तुमच्यासाठी थांबणार नाही. तेविसावे स्तोत्र तरी पाठ हवे, आणि ते अशाच कोरड्या सकाळी पाठ होते. अशी तयारी सावकाशच होते. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळाली नव्हती. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर. तरी त्यांच्या पतीचे अर्धवट राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुढे नेले. ते बळ नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका रात्रीत आलेले नव्हते.

एक काम सांगतो आणि थांबतो. नव्या गावी गेलात की एक साधी वही करा. डाव्या पानावर ज्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची त्यांची नावे लिहा, मंडळीबाहेरच्यांचीही. उजव्या पानावर रात्री-अपरात्री जीप काढणारा कोण, रक्त द्यायला कोण येईल, कुणाच्या घरी म्हातारी एकटी असते, उन्हाळ्यात कुठल्या वस्तीची विहीर आधी आटते, ते लिहा. पहिल्या रविवारच्या उपदेशाची तयारी नंतर करा.