कोपीवरच्या मुलाची शाळा

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. आज शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात कोप्या पडतात. त्यांतील कित्येक मुले शाळेच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ५ वे कलम स्पष्ट सांगते. पण नाव पटावर चढले म्हणजे झाले काय? पारधी मुलाची घरची बोली निराळी. पुस्तकी मराठीपुढे ते गप्प बसते आणि मठ्ठ ठरते! भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी संविधानात ३५०-अ कलम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्यापैकी जे तेथे आहेत, त्यांनी येत्या बैठकीला कोप्यांवरच्या मुलांची यादी घेऊनच जावे.