बैठकीचे दार कोण राखणार?

(लोणावळा येथे पाठीराख्यांच्या सभेत केलेले भाषण)



मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. याईराच्या घरी आकांत चालला होता. प्रभू येशूने आधी सगळ्यांना बाहेर काढले. आत नेले ते मुलीच्या आईबापांना आणि पेत्र, याकोब व योहान या तिघांना. मुलगी उठल्यावर, हे कोणाला कळू देऊ नका, असेही त्याने निक्षून सांगितले. बाहेर राहिलेल्यांत शेजारीपाजारी असतील, नात्यागोत्याची माणसे असतील. पण त्या खोलीत त्यांचे काम नव्हते.

आज मी अशाच एका खोलीविषयी बोलणार आहे. ही खोली मोबाइलमध्ये असते.

आपले काम मावळातल्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर चालते. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात, त्यांत कातकरी एक आहेत. दिवाळी झाली की यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या बहिणींच्या घरी दारू आहे, मारहाण आहे, त्यांची आपण वस्तीवर बैठक घेतो. पण बाई भट्टीवर गेली की बैठक तुटते, आणि तिथे तर तिला विचारणारे कोणीच नसते. म्हणून आम्ही मोबाइलवर बैठक सुरू केली. सहासात जणी, एक तास. काही जणी नुसत्या ऐकतात. त्यांनाही तेवढा आधार पुरतो.

अशा बैठकीत कोणीही घुसू शकते, हे २०२० च्या टाळेबंदीत जगाने पाहिले. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ पासून आहे. ‘इथे कोण आले, काय बोलले, ते इथेच राहील’ या भरवशावर ती उभी आहे. टाळेबंदीत त्यांच्या सभा झूमवर गेल्या आणि अमेरिकेत काही टवाळखोरांनी त्यांत शिरून दारूवरून त्या माणसांची थट्टा केली. त्याच एप्रिलमध्ये आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयानेही झूम कसे जपून वापरावे याच्या सूचना काढल्या. त्यांतल्या बऱ्याच सूचना आम्ही आजही पाळतो.

दर बैठकीला नवा क्रमांक आणि नवा पासवर्ड ठेवतो. लिंक कोणत्याही ग्रुपवर टाकत नाही, एकेकीला वेगळी पाठवतो. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून या बहिणींचा ग्रुपच केलेला नाही. येणारी आधी प्रतीक्षाकक्षात थांबते. तिथे पुष्कळदा बाईचे नाव दिसत नाही, नुसते मोबाइल कंपनीचे नाव दिसते. अशा वेळी आमची एक कार्यकर्ती तिला साधा फोन लावते, आवाज ओळखते आणि मगच आत घेते. सगळ्या आल्या की बैठकीला कुलूप लावतो. स्क्रीन दाखवणे आणि रेकॉर्डिंग दोन्ही बंद असते. कॅमेरा सुरू करायची सक्ती नाही, खरे नाव सांगायचीही नाही. बोलणे चालवणारी एक आणि दार राखणारी दुसरी, अशा दोघी असल्याशिवाय बैठक घेत नाही. एकटीला दोन्ही कामे जमत नाहीत. बाई रडत असताना दाराकडे लक्ष राहत नाही.

पण खरे सांगायचे तर, परक्या घुसखोरापेक्षा जवळच्या माणसाचे भय मोठे आहे. भट्टीवरची खोपटी एका खणाची. मोबाइल नवऱ्याचा नाहीतर पोराचा. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही म्हणतात, ते बरोबर आहे. पण ज्याच्या हातात मोबाइल आहे तो वाचणारच! म्हणून आम्ही निरोपात विषय लिहीत नाही, नुसती वेळ कळवतो. वेळही तीच ठरवते. फोन लागला की पहिला प्रश्न असतो, “ताई, आता मोकळ्या आहात का?” हो किंवा नाही, एवढेच उत्तर पुरते. मधेच कोणी आले तर तिने रेशनचे बोलणे काढायचे, म्हणजे आम्ही समजून विषय बदलतो. स्पीकर लावायचा नाही, कानात इअरफोन घालायचा. एका बहिणीने मला सांगितले, “बाई, मी पाण्याला जाते तवाच बोलते. तिथं कोणी नसतं.” मग तिची बैठक आम्ही पाण्याच्या वेळेला घेतो. जिला फोनवर बोलणे धोक्याचे आहे, तिला फोनवर बोलायचा आग्रह करत नाही. तिच्यासाठी आम्ही भट्टीवर जातो.

गुप्ततेलाही एक मर्यादा आहे, आणि ती पहिल्याच बैठकीत सांगावी लागते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने सर्वांवर बंधनकारक आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तरी आम्ही गप्प बसणार नाही. ‘काहीही सांग, कोणाला कळणार नाही’ असे वचन दिले तर ते मोडावे लागेल, आणि मोडलेल्या वचनानंतर ती बाई पुन्हा कोणाजवळ बोलणार नाही.

आता आपल्याविषयी. हे मी प्रेमाने सांगते, पण सांगणे भाग आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये प्रार्थनाविनंती लगेच पसरते. “अमुक वस्तीवरच्या अमुक बहिणीला नवरा मारतो, प्रार्थना करा,” असा संदेश एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जातो. हेतू चांगला असतो. पण मावळ काही मोठा नाही. कामशेतच्या बाजारात कोणीतरी कोणालातरी ओळखतेच. तो संदेश चार दिवसांत त्या नवऱ्यापर्यंत पोहोचला, तर त्या रात्री मार कोण खाणार?

काही पाठीराखे विचारतात की या कामाचे फोटो का येत नाहीत, त्या बहिणींना साक्ष द्यायला सभेत का आणत नाही. तुमच्या देणगीचा हिशेब मागण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. किती बैठका झाल्या, किती खर्च झाला, हे सगळे आम्ही देतो. पण चेहरा आणि नाव ही त्या बाईची मालमत्ता आहे, ती आमच्याकडे देण्यासारखी नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातसुद्धा अशा खटल्याची सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. न्यायालय तिच्यासाठी दार लावून घेऊ शकते, तर मंडळीने का लावू नये?

म्हणून तीन गोष्टी मागते. पहिली, प्रार्थना जरूर करा, पण नाव आणि वस्ती न घेता करा. देवाला पत्ता सांगावा लागत नाही. दुसरी, असा कोणताही संदेश तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्यालाही समजावा. तिसरी, या कामाला रिचार्ज, इअरफोन आणि दार राखणाऱ्या बहिणी हव्या आहेत. आठवड्यातून एक तास शांत बसून प्रतीक्षाकक्षाकडे बघत राहायचे, आत काय बोलले गेले ते बाहेर आल्यावर विसरायचे, असे हे काम आहे. त्यात कोणी तुमचे नाव घेणार नाही. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे. शिकवायची जबाबदारी आमची.

प्रभू आपणां सर्वांना ऐकणारे कान आणि राखून बोलणारी जीभ देवो. आमेन.