पाटल्यांचं कुणी बोलत नाही

(पथनाट्य लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नाशिक येथील शिबिरात केलेले भाषण)



तुमच्या गटांचे मसुदे वाचले. मुद्दे पक्के आहेत. पण पात्रं एकमेकींना आधीच ठाऊक असलेलंच सांगत बसतात. माहेरी परत आलेली नणंद म्हणते, "वहिनी, आठ वर्षांपूर्वी माझ्या हुंड्यासाठी दादानं तुमच्या पाटल्या मोडल्या." हे वहिनीला सांगायला हवं का? घरात असं कोण बोलतं?

त्याऐवजी हे ऐका:

"नव्या पाटल्या नाही केल्या, वहिनी?"

"काच बरी, ताई. कामात अडत नाही." (थांबून) "पंचमीपर्यंत आहात ना?"

हुंड्याचा शब्द आला नाही. तरी नणंदेची टोचणी कळते, वहिनीचा मुरलेला राग कळतो, आणि ही किती दिवस राहणार, हा खरा प्रश्न विचारून होतो. मात्र प्रेक्षकांना कोडं घालू नका. आधीच्या प्रवेशात भावाच्या हातात सोनाराची जुनी पावती दिसली की धागा मिळतो. जे उघड सांगायचंच आहे ते गाण्याला द्या. स्त्री मुक्ती संघटनेच्या, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेल्या 'मुलगी झाली हो' या १९८३ सालच्या नाटकात गाण्यांनी किती भार उचलला होता!

आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांचं 'नटसम्राट' (१९७०) घ्या. अप्पा बेलवलकर बायकोला 'सरकार' म्हणतात. त्या एका हाकेत रंगभूमीवरचं आयुष्य आहे, थट्टा आहे, प्रेम आहे. संसार कसा झाला ते वेगळं सांगावं लागत नाही. मला त्यात आणखी एक ऐकू येतं. घरदार मुलांना वाटून टाकायचा निर्णय अप्पांचा, आणि त्याचे हाल मात्र या 'सरकारां'नाही भोगावे लागतात. म्हणून पात्रं एकमेकांना काय हाक मारतात ते आधी ठरवा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, नाव घेणं कधी बंद झालं, यातच निम्मा इतिहास येतो.

हा नुसता कलेचा प्रश्न नाही. समुपदेशनाला बसलेला नवरा अगदी शांतपणे म्हणतो, "बोल की, मी कुठं अडवलंय?" आणि बाई गप्प होते. कागदावर ते वाक्य निर्दोष दिसतं. त्यामागे काय घडलंय ते फक्त त्या दोघांना ठाऊक असतं. २००५ च्या कायद्यानं शाब्दिक आणि भावनिक छळही कौटुंबिक हिंसाचारात धरला आहे, पण असलं वाक्य तक्रारीत लिहायचं कसं? आपल्या नाटकातला नवरा आरडाओरडा करतो, दारू पिऊन येतो. ज्यांचा नवरा आवाजही चढवत नाही, त्या बायका ते पाहून म्हणतात, आमच्याकडे असं काही नाही. त्यांना आपल्या घरातलं वाक्य चौकात ऐकू यायला हवं.

केंद्रात आलेल्या बाईचं वाक्य मात्र जसंच्या तसं उचलू नका. तिच्या गल्लीत प्रयोग झाला तर ती ओळखली जाईल.

आता गटात बसा. 'तुला आठवतं ना'नं सुरू होणारं प्रत्येक वाक्य खोडा आणि त्या जागी त्या घरातली एक वस्तू आणा. जेवणाआधी दोन गटांचे प्रवेश वाचून पाहू.