परदेशी विद्यार्थी आणि भाड्याची खोली

(वर्धा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी आपल्यासमोर जो विषय मांडणार आहे, तो वरवर पाहता अगदी लहान वाटेल. परदेशातून शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याला राहण्यास खोली मिळावी, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्या जिल्ह्याची ओळख जगभर सेवाग्राममुळे झाली, त्या जिल्ह्यात या लहानशा प्रश्नाला बरेच मोठे स्थान आहे, असे माझे नम्र मत आहे.

१९७५ च्या जानेवारी महिन्यात नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. हिंदीचे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ वर्ध्यास व्हावे, या कल्पनेचा उगम त्या संमेलनात झाला. संसदेच्या कायद्यान्वये १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ अस्तित्वात आले आणि कालांतराने शहराबाहेरच्या उजाड टेकड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, झाडे लागली. आज निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी तेथे हिंदी शिकण्यासाठी येतात. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून कार्य करीत आहे. सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय शिक्षणाचे दुसरे मोठे केंद्र उभे राहिले आहे. एकेकाळी कापूस आणि खादी यांसाठी ओळखला जाणारा आपला परिसर आता विद्यार्थ्यांचाही परिसर झाला आहे. सावंगी, सिंदी, पिपरी, बोरगाव, उमरी, नालवाडी या शहरालगतच्या गावांतून फेरफटका मारला तर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. म्हणजे हा प्रश्न जितका विद्यापीठाचा आहे, तितकाच ग्रामपंचायतींचाही आहे.

वसतिगृह असताना खोली कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. हिंदी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वसतिगृह असून त्यास फादर कामिल बुल्के यांचे नाव दिलेले आहे. हे नाव मोठे समर्पक आहे. बुल्के हे मूळचे बेल्जियमचे. ते १९३५ साली भारतात आले, येथे विद्यार्थी म्हणून शिकले, अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी रामकथेवर हिंदीतून प्रबंध लिहिला आणि १९५१ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. पुढे रांची येथील त्यांचे निवासस्थान व ग्रंथालय हेच कित्येक विद्यार्थ्यांचे आश्रयस्थान बनले.

तथापि वसतिगृहाने सर्वांची सोय होतेच असे नाही. कोणी पत्नी व मुलासह संशोधनासाठी येतो. कोणाला वसतिगृहाचे जेवण प्रकृतीस मानवत नाही. कोणाचा अभ्यासक्रम संपलेला असतो, परंतु प्रबंधाचे काम शिल्लक असते. कोणाला भाषा शिकण्यासाठी मुद्दाम कुटुंबाच्या शेजारात राहावयाचे असते, आणि भाषा शिकण्याचा याहून चांगला मार्ग नाही. असा विद्यार्थी खोलीच्या शोधात निघतो तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू होते. त्यास मराठी येत नाही, हिंदी अर्धीमुर्धी येते. अनामत रक्कम, विजेचा निराळा मीटर, पाण्याची वेळ, मेसचा डबा हे शब्द त्याने पूर्वी ऐकलेले नसतात. आणि दार उघडणाऱ्या घरमालकाच्या मनात आणखीच निराळे प्रश्न असतात. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल काय? हा काय शिजवील? भाडे न देता निघून गेला तर कोणाला धरावयाचे?

मित्रहो, घरमालकाचा हा संकोच दुष्टपणातून येत नाही, तो माहितीच्या अभावातून येतो. म्हणूनच नुसत्या उपदेशाने तो दूर होणार नाही. त्यासाठी रीत घालून दिली पाहिजे.

आपलेही विद्यार्थी परदेशी होते

या प्रश्नाकडे पाहताना आपण दाराच्या आतल्या बाजूस उभे असतो. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव मराठी माणसालाही आहे, हे विसरून चालणार नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्या देशात त्यांच्या नात्याचे, ओळखीचे कोणी नव्हते. होत्या त्या केवळ पत्रव्यवहारातून परिचित झालेल्या श्रीमती कार्पेंटर. न्यू जर्सीमधील रोझेल येथील आपल्या घरी त्यांनी आनंदीबाईंना मुलीसारखे ठेवून घेतले. पुढे आनंदीबाई वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या. तेथील खोलीतील शेगडीचा धूर कोंडत असे. शेगडी पेटवावी तर धुराचा त्रास आणि विझवावी तर थंडीचा कडाका, अशी त्यांची कुचंबणा होत असल्याचे त्यांच्या चरित्रातून सांगितले जाते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने त्यांचे निधन झाले. खोली देऊन आपले काम संपत नाही, ती राहण्याजोगी आहे किंवा नाही हेही कोणीतरी पाहिले पाहिजे, एवढा बोध यातून आपण अवश्य घ्यावा.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. आरंभी विद्यापीठाच्या एका वसतिगृहात, नंतर निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांच्या क्लबात आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्रासमवेत दुसऱ्या वसतिगृहात ते राहिले. परक्या देशात त्यांना छप्पर मिळाले. परंतु तेच विद्वान तरुण १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा जातीमुळे त्यांना कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काळ कंठला. परदेशाहून विद्या संपादन करून आलेल्या माणसाला स्वदेशात खोली मिळू नये, याहून मोठी लाजिरवाणी गोष्ट ती कोणती? पुढे लंडनमध्ये शिकत असताना ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्री रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खरेदी केले. विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीचे मोल काय असते, हे त्या खरेदीने शासनाने मान्य केले, असे मी समजतो.

सेवाग्रामची शिकवण

आता आपल्या घरची गोष्ट. १९३६ साली गांधीजी शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले. त्यांच्या आधी मीराबेन तेथे पोहोचल्या होत्या. इंग्लंडहून आलेल्या या बाईंनी आपल्यासाठी उभारलेली झोपडीच पुढे बापूकुटी म्हणून ओळखली जाऊ लागली. गांधीजींनी गावकऱ्यांना आपले विचार, विशेषतः अस्पृश्यतेविषयीचे, आधीच स्पष्टपणे सांगितले आणि ते कोणावर लादणार नाही असे आश्वासन दिले. गावच्या वृद्ध पाटलांनीही तितक्याच स्पष्टपणे सांगितले की, आपले स्वागत आहे, परंतु या एका बाबतीत आमच्याकडून साथ मिळणार नाही. पाटलांच्या त्या मताचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु राहावयास येणारा आणि जागा देणारा या दोघांनी मनातले आधी बोलून घेण्याची ती पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. १९४९ च्या डिसेंबरात याच सेवाग्रामात जागतिक शांततावादी परिषदेसाठी अनेक देशांचे प्रतिनिधी येऊन राहिले होते. ही परंपरा आपली आहे.

‘अतिथी देवो भव’ हे वचन आपण नेहमी उच्चारतो. परंतु भाडे देऊन राहणारा विद्यार्थी हा अतिथी नव्हे, तो भाडेकरू आहे. अतिथीला जे मिळते ते यजमानाच्या मर्जीने मिळते, भाडेकरूला ते ठरल्याप्रमाणे मिळाले पाहिजे. त्याच्यावर उपकार करण्याची गरज नाही. त्याच्याशी रीतसर आणि न्यायाने वागणे पुरेसे आहे.

रीत काय आहे?

घरमालकांना भीती वाटते ती कायद्याची. प्रत्यक्षात या कायद्याचे पालन करणे फारसे कठीण नाही. परदेशी नागरिकांसंबंधीचे जुने कायदे एकत्र करून केलेला ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. परदेशी व्यक्तीला निवासासाठी जागा देणाऱ्याने तिची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाची असते. ही माहिती आता संगणकावरून भरता येते. शिक्षणसंस्थांवरही आपल्या परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देण्याचे बंधन आहे. ज्याचा विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा आहे, त्याने सर्वसाधारणपणे भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावयाची असते. पत्ता बदलला तर तोही कळवावा लागतो. ज्या घरमालकाने वेळेवर माहिती कळविली, त्याने भिण्याचे कारण नाही. माहिती दडविणारा मात्र स्वतःसह त्या विद्यार्थ्यालाही अडचणीत टाकतो.

दुसरी बाब कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे भाड्याचा करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी, असे कलम ५५ सांगते. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार लेखी व नोंदलेला नसेल आणि पुढे वाद झाला, तर त्याच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे लेखी करार हे घरमालकाचेही संरक्षण आहे. करारात भाडे, अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत, विजेचा व पाण्याचा आकार आणि खोली सोडण्याची पूर्वसूचना या पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. स्वयंपाकाविषयी काही अट असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगावी. महिनाभराने भांडण करून ती सांगू नये. करार मराठीत असेल तर त्याचा हिंदी वा इंग्रजी अर्थ विद्यार्थ्यास समजावून मगच त्याची सही घ्यावी.

तसेच काही स्थानिक गोष्टी त्यास आवर्जून सांगाव्यात. आपल्या जिल्ह्यात गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. परदेशी विद्यार्थ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. वैशाखातील उन्हाळा कूलरवाचून काढणे कठीण असते, तेव्हा कूलर कोणाचा आणि त्याच्या विजेचा खर्च कोणाचा हे आधीच ठरावे. पावसाळ्यात साप-विंचवाची भीती असते, म्हणून जोडे झटकून घालावेत, हेही त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील भाड्याने देण्याजोग्या खोल्यांची एक नोंदवही तयार करावी. खोलीस खिडकी आहे काय, शौचालय व पाण्याची सोय कशी आहे, भाडे किती, एवढी माहिती तीत असावी. सदस्यांनी खोली स्वतः जाऊन पाहिली म्हणजे धूर कोंडणारी खोली कोणाच्या वाट्यास येणार नाही. ही यादी शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थी-कल्याण विभागाकडे द्यावी. त्यामुळे मध्यस्थाचे कमिशन वाचेल आणि परक्या माणसाला दुप्पट भाडे सांगण्याची प्रवृत्तीही आपोआप कमी होईल.

शिक्षकांनी पहिल्या भेटीच्या वेळी दुभाषाचे काम करावे. विद्यार्थ्याबरोबर ओळखीचा एक शिक्षक आला, तर घरमालकाची अर्धी शंका जागच्या जागी मिटते. अधिकाऱ्यांनी नोंदणीची माहिती सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पोलिस ठाण्यातील कर्मचाऱ्याने चौकशीस आलेल्या घरमालकास खुर्ची देऊन दोन मिनिटे समजावून सांगितले, तर शंभर भाषणांचे काम होईल.

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कार्यामुळे ईशान्य भारतातील विद्यार्थी वर्ध्याकडे येत आले आहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ‘तुझा पासपोर्ट दाखव’ असे म्हणणे हा आपल्याच देशबांधवांचा अवमान आहे. ते परदेशी नाहीत. आणि जे खरोखर परदेशी आहेत, त्यांच्याही बाबतीत चेहरा पाहून दार लावणे आपल्या जिल्ह्याला शोभणारे नाही.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी शहरालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ही नोंदवही पूर्ण करावी, एवढीच माझी विनंती आहे. त्यासाठी निधी लागत नाही. एक वही, दोन सदस्य आणि काही संध्याकाळी एवढे पुरे आहे.