डाग कशाचा, ते सांगा!

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीतून फोन आला, ‘पंधरा मिनिटं कशावर तरी बोल.’ त्यांना बहुतेक कॉम्प्युटर सिक्युरिटीची अपेक्षा असावी. मी म्हटलं, ‘कपड्यांवर बोलतो. ड्राय क्लीनिंगवर.’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, ‘बरं... बोल!’

तर आधी माझी पात्रता सांगतो. पोटासाठी मी सॉफ्टवेअर कन्सल्टंट आहे, पण मूळचा लाँड्रीवाला. साताऱ्याला आमच्या बाबांचं लाँड्रीचं छोटं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, आणि भिंतीवर पाटी : ‘येथे पेट्रोल वॉश करून मिळेल.’ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची माझी फी त्या इस्त्रीतून निघाली. शाळेतून आलो की माझं काम म्हणजे कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावणं. आजोबांच्या काळी हीच खूण बिब्ब्याने करत. कितीही धुवा, जात नसे.

बाबांची एक सवय होती. कपडा हातात आला की ते आधी उजेडात धरायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, ‘डाग कशाचा? कधीचा?’ लोक वैतागायचे. ‘अहो, डाग आहे, काढा की!’ बाबा म्हणायचे, ‘कशाचा ते सांगा, म्हणजे काढतो.’ उत्तर मिळालं की ते चिठ्ठीवर लिहायचे. चहा, सोमवार. तूप, लग्नातलं. मला तेव्हा ही कटकट वाटायची.

आता या लाँड्रीवाल्याच्या मुलाने काय प्रताप केला, ते ऐका.

आईची लग्नातली पैठणी. १९८२ सालची, गर्द जांभळी, पदरावर मोर. मी २०१४ साली अमेरिकेत आलो, तेव्हा आईने ती आमच्या बॅगेत दिली. म्हणाली, ‘माझं काय आता, सूनबाईला नेसू दे.’ २०१८ साली आमच्या मुलीच्या बारशाला बायकोने ती नेसली. त्या गडबडीत कुणाच्या तरी हातून तिच्यावर लेमन सोडा सांडला. पुसून घेतला, वाळल्यावर काहीच दिसेना. आम्ही म्हटलं, चला, वाचलो! मी जबाबदार माणसासारखा साडी ड्राय क्लीनरकडे देऊन आलो. तिथे कुणी काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. साडी तारेच्या हँगरवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी आली. तशीच कपाटात टांगली. ड्राय क्लीन केली म्हणजे विषय संपला!

२०२२ च्या दिवाळीत ती बाहेर काढली. समोर निऱ्यांच्या जागी तपकिरी डागांचा नकाशा उमटला होता. पदराची जर एका बाजूने काळवंडली होती. आणि बायकोने हँगरवरून उचलली, तेव्हा हँगरच्या दांडीची जी रेघ होती, त्या रेघेवर साडी विरून फाटली. आवाजसुद्धा झाला नाही.

बाबा २०१६ साली गेले. विचारायचं कुणाला? मग मी बाबांचाच प्रश्न स्वतःला विचारायला बसलो : डाग कशाचा? त्यातून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. ड्राय क्लीनिंग अजिबात ‘ड्राय’ नसतं. कपडे चांगले भिजतात, फक्त पाण्यात नाही, दुसऱ्या द्रवात. ही कला इथली जुनी आहे. न्यूयॉर्कचे थॉमस जेनिंग्ज नावाचे शिंपी होते, त्यांना १८२१ साली ‘ड्राय स्कावरिंग’ या कपडे साफ करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. अमेरिकेत पेटंट मिळवलेले ते पहिले ज्ञात कृष्णवर्णीय. गुलामगिरी अजून चालू होती, त्या काळातली ही गोष्ट! आलेल्या पैशातून त्यांनी गुलामगिरीविरोधी चळवळीला मदत केली. त्यांची नेमकी कृती मात्र आज कुणालाच ठाऊक नाही, कारण १८३६ साली पेटंट ऑफिसला आग लागली आणि कागद जळले. बॅकअप नव्हता!

पुढे टर्पेंटाइन, पेट्रोलसारखी द्रावणं आली. आमच्या दुकानातला ‘पेट्रोल वॉश’ त्याच घराण्यातला. ही सगळी द्रावणं तेल, तूप, मेण, लिपस्टिक असल्या स्निग्ध गोष्टी छान विरघळवतात. पण साखर, मीठ, घाम हे पाण्यात विरघळणारे. त्यांना नुसत्या द्रावणाचा काही उपयोग होत नाही. त्यासाठी कारागिराला तेवढ्या जागेवर वेगळा हात फिरवावा लागतो, आणि तो फिरवायला डाग कुठे आहे हे त्याला माहीत पाहिजे. आमच्या पैठणीवरची साखर दिसत नव्हती, पण गेलेलीही नव्हती. ती चार वर्षं कपाटात बसून हळूहळू तपकिरी झाली. चिरलेलं सफरचंद उघडं ठेवलं की काळं पडतं ना, साधारण तसंच.

म्हणजे चूक कुणाची? ड्राय क्लीनरने विचारायला हवं होतं, खरं आहे. पण सांगायला मला कुणी मनाई केली होती का?

तेव्हा कपडा देताना बोला. लिंबू सरबत, पांढरी वाइन, नारळाचं पाणी, जे सांडलं असेल ते, आणि विशेषतः जे दिसत नाही ते सांगा. बोट ठेवून दाखवा. आणि घरी डाग घासू नका. ओलं रेशीम घासलं की त्याची तकाकी जाते, ती परत येत नाही. कोऱ्या सुती कापडाने नुसतं टिपा.

दुसरी गोष्ट, रसायनाची. अमेरिकेत कित्येक दशकं ड्राय क्लीनिंग म्हणजे परक्लोरोइथिलीन, म्हणजेच ‘पर्क’, हेच समीकरण होतं. दुकानात शिरल्यावर जो गोडसर वास येतो, तो बहुधा त्याचाच. ते कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या रसायनांत मोडतं. कॅलिफोर्नियाने २००७ साली नियम केला आणि २०२३ पर्यंत आपल्या राज्यातल्या ड्राय क्लीनिंगमधून ते हद्दपार केलं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ड्राय क्लीनिंगमधला त्याचा वापर १० वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा नियम जाहीर केला. म्हणून दुकानात सरळ विचारा, ‘तुम्ही कोणतं सॉल्व्हंट वापरता?’ हायड्रोकार्बन असेल, सिलिकॉन असेल, किंवा पाण्यावर चालणारं ‘वेट क्लीनिंग’ असेल. पण ‘ऑरगॅनिक’ पाटी बघून हुरळून जाऊ नका. केमिस्ट्रीच्या भाषेत पर्कसुद्धा ऑरगॅनिकच, कारण त्यात कार्बन आहे! आणि कपडे घरी आणल्यावर प्लॅस्टिक लगेच काढून ते हवेशीर जागी टांगा.

तिसरी गोष्ट, लेबल. इथे १९७१ साली फेडरल ट्रेड कमिशनने कपड्यावर निगेची सूचना शिवण्याचा नियम केला. त्या नियमात एक गंमत आहे. कंपनीला फक्त एक सुरक्षित पद्धत सांगावी लागते, सगळ्या नाही. म्हणून नुसतं ‘ड्राय क्लीन’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ‘ड्राय क्लीन चालेल’ इतकाच. ‘ड्राय क्लीन ओन्ली’ असेल, तर मात्र बाकीचे प्रयोग करू नका. पुष्कळ कपड्यांना दर वेळी दुकानाची गरजच नसते. लोकरीचा सूट एकदा घातला की लगेच ड्राय क्लीनला टाकू नका. मऊ ब्रशने झटका, रुंद खांद्याच्या हँगरवर एक दिवस हवेला लावा, आणि लागोपाठ दोन दिवस तोच घालू नका. वारंवार साफ केल्यानेही कापड थकतं.

घरच्या धुण्याबद्दल दोनच इशारे. एक, बाजारातल्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये एन्झाइम असतात, आणि त्यात प्रोटीएज असेल तर ते प्रोटीन तोडतं. रक्ताच्या नि अंड्याच्या डागांना ते उत्तम. पण रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रोटीन आहेत! क्लोरीन ब्लीच तर रेशीम चक्क विरघळवून टाकतं. दुसरा इशारा हळदीचा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि आपण घाबरतो. घाबरू नका, हळदीत चुना घालून कुंकू करतात तेच झालं. अल्कलीने हळद लाल होते. पांढरा सुती कपडा धुऊन कडक उन्हात वाळवा, हळद उडून जाते. रंगीत रेशमाला मात्र ऊन दाखवू नका, हळदीबरोबर रंगही जाईल.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे ठेवणं. कपडे नेसून कमी आणि ठेवून जास्त खराब होतात, हे मला पैठणीने शिकवलं. जरीची साडी जड असते. टांगली की सगळा भार एका रेघेवर येतो. म्हणून ती आडवी, घडी घालून, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवायची. आपल्या आज्या बासनात बांधायच्या, तेच बरोबर होतं. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. खरी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, आणि चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. त्यामुळे रबर बँड, अत्तराचा फवारा, डांबराच्या गोळ्या, काहीच जरीला लागू देऊ नका. घरात तान्हं मूल असेल तर डांबराच्या गोळ्या वापरूच नका, त्यांची वाफ बाळाला घातक ठरू शकते. इथल्या बेसमेंटमध्ये तर साड्या मुळीच नकोत. न्यू जर्सीचा दमट उन्हाळा बुरशीला फार मानवतो. आणि कसर लागते ती मळक्या कपड्यांना आधी. तेव्हा स्वच्छ करून, पूर्ण वाळवून मगच आत ठेवा.

आणि घडी बदला! नवीन साडी नेसली की आपण ‘घडी मोडली’ म्हणतो. पण न नेसलेल्या साडीचीही घडी मोडावी लागते. चार-सहा महिन्यांनी उलगडायची, हवा द्यायची आणि वेगळ्या रेघेवर घडी घालायची. नाहीतर रेशीम घडीवर विरतं.

मी आईला हे सगळं जवळजवळ तीन महिने सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर दिवाळीच्या साड्यांचा विषय निघाला की मी दुसरंच काही बोलायचो. शेवटी संक्रांतीला तिनेच विचारलं, ‘पैठणी नाही नेसली का रे ती?’ मग सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘घडी कधी बदलली होतीस?’ मी म्हटलं, ‘आई, मला माहीतच नव्हतं.’ त्यावर ती म्हणाली, ‘मीच सांगायला हवं होतं. मला वाटलं, लाँड्रीवाल्याचा मुलगा, तुला ठाऊक असणार.’

मंडळी, मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम दुरुस्त करतो. त्यात सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर कॉमेंट न लिहिता निघून गेलेल्या माणसाचा. मोरांची पैठणी बॅगेत घालून आणणारे आपण सगळे तेच करतोय. इथल्या वीस डॉलरच्या शर्टाला लेबल असतं. आईच्या पैठणीला नसतं. तिचं लेबल आईच्या डोक्यात असतं, आणि आई आहे साताऱ्याला.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा हवापाण्याच्या गप्पा झाल्या की प्रत्येक साडीबद्दल विचारा. कुणाची, कधीची, जर खरी की साधी, कधी साफ केली, कशाचा डाग पडला होता? ते एका सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहा आणि साडीबरोबर ठेवा. टाचणी लावू नका, गंजते. घडी बदलली की तारीख लिहा. आमच्या घरी आता अशा अकरा पट्ट्या आहेत, आणि कॅलेंडरवर वर्षातून तीनदा ‘घडी’ असा रिमाइंडर वाजतो.

त्या पैठणीचं काय झालं? आईनेच उपाय सांगितला. ‘फाटलेलं आणि डागाळलेलं काढून टाक, उरलेल्याचं नातीला परकर-पोलकं शिव.’ कात्री लावताना बायकोचा हात थरथरत होता. पण गेल्या पाडव्याला आमची लेक ते घालून आपल्या याच हॉलमध्ये नाचली. तुमच्यापैकी काहींनी कौतुकही केलंत.

घरी आल्यावर परकरावर एक ओला डाग दिसला. मी उजेडात धरला आणि तिला विचारलं, ‘डाग कशाचा? कधीचा?’

ती म्हणाली, ‘श्रीखंडाचा. आत्ताचा.’

मी चिठ्ठीवर लिहून घेतलं.