पाणी कुणीकडे ढळते?



पुणे-नाशिक रस्त्याने निघालो की मोशीला इंद्रायणी लागते, चाकण ओलांडले की वाकीला भामा आणि पुढे राजगुरुनगरला भीमा. पिंपरी-चिंचवडमधून वाहते ती पवना. या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून येतात. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ५०-६० किलोमीटर. पण तिचे पाणी तुळापूरला भीमेत, भीमेचे कृष्णेत आणि कृष्णेचे पार आंध्रात बंगालच्या उपसागरात जाते. त्याच डोंगरातली उल्हास मात्र सुमारे १२० किलोमीटरमध्ये वसईची खाडी गाठते. एकटी भीमाच ८६० किलोमीटर लांब!

एकाच डोंगराच्या दोन अंगांत एवढा फरक का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून आपले पठार झाले. ते पूर्वेला हळूहळू उतरते. पश्चिमेला मात्र कडा तुटलेला. कोकणातल्या नद्यांना थोड्या अंतरात खूप खाली उतरायचे असते, त्यात पाऊस धो धो. त्या डोंगर खात मागे सरकतात आणि पाणी फुटण्याचा माथा अतिशय सावकाश पूर्वेकडे ढकलतात.

कापूसवाल्यांनी आपली तापी पाहावी. उत्तरेला सातपुडा अगदी जवळ, म्हणून तिकडच्या उपनद्या आखूड. दक्षिण काठाला मिळणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा लांबलचक. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन भंगली, दक्षिणेचा भाग खचला. परात एका अंगाला कलली की पाणी त्या काठाला जमते. नदीचेही तसेच. ती खालच्या अंगाला सरकते. ते अंग अरुंद होते, दुसरे रुंद.

याचा आमच्या ज्वारी-कपाशीशी संबंध काय? लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच भीमेच्या खोऱ्यात शिरूर-दौंडकडे पाचशेच्या आसपास. दोन्हींची सरासरी काढली की कागदावर खोरे ओलेचिंब दिसते, शिवार मात्र कोरडे राहते.

शिवाय ढाळ माणूसही फिरवतो. खोपोलीला १९१५, भिवपुरीला १९२२ आणि भिऱ्याला १९२७ साली वीजघरे सुरू झाली. तेव्हापासून भीमा खोऱ्यातले पाणी घाटाखाली कोकणात सोडले जाते. मुळशीच्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. कारखान्याला पाणी लागते, शहराला लागते, हे आम्ही जाणतो. पण कुणाचे, किती, कुणीकडे वळवले, हा हिशेब उघड्यावर मांडला पाहिजे.

तलाठ्याच्या नकाशात हद्दी असतात, ढाळ नसतो. तो आपणच काढू. पाऊस पडेल त्या दिवशी बांधावर उभे राहून पाणी कुठे फुटते, कोणत्या ओढ्याला जाते, ते गावागावात टिपून ठेवू. पुढच्या बैठकीत कुणी साऱ्या खोऱ्याचा आकडा पुढे केला, तर आपण विचारू: आमच्या अंगाला किती?